साथीचा पियानो : गायक आणि चेंबर वादकांबरोबर वाजवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत राहते, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलींत गायक-वादकांच्या साथीला पियानो वाजवते आणि उरलेल्या वेळात शिकवते. दादर-पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंतची मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, जे प्रश्न विचारतात ते इथे एकदाच लिहून ठेवते आहे.

साथीचा पियानोवादक नक्की काय काम करतो?

गायकाबरोबर आर्ट साँग (कवितेला दिलेली चाल आणि तिच्यासाठी लिहिलेला पियानो) वाजवतो, व्हायोलिन किंवा चेलोबरोबर सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) वाजवतो, कॉयरच्या म्हणजे गायकवृंदाच्या तालमींना बसतो, परीक्षा देणाऱ्या मुलाबरोबर परीक्षकासमोर जातो. ऑपेराच्या तालमीत तर अख्ख्या वाद्यवृंदाची जागा तो एकटा भरून काढतो. इतक्या वादकांना आठवडेच्या आठवडे बसवून ठेवणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे शेवटच्या काही तालमी सोडल्या तर गायकांच्या कानावर पियानोच पडतो. व्हायोलिनचा विद्यार्थी कॉन्चेर्तो (एक वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) शिकतो तेव्हाही तसंच. यासाठी वाद्यवृंदाचे सगळे भाग दोन हातांत कोंबलेली प्रत मिळते, आणि ती करणाऱ्याने पियानोवादकाची फारशी कीव केलेली नसते. त्यातलं काय गाळायचं ते ठरवणं हाही कामाचाच भाग. बास आणि लय सोडायची नाही, बाकीच्या सुरांची वाटाघाट करता येते.

मला पेटीची साथ चांगली येते. मग पियानोची जमेल ना?

कान तयार असेल, म्हणून अर्धं काम सोपं. उरलेलं अर्धं मात्र पेटीच्या सवयीमुळेच अवघड जातं.

पेटीवर साथ करणाऱ्यापुढे कागद नसतो. गायक कुठे वळणार याचा अंदाज घेत तो त्याच्या पाठोपाठ जातो. पं. गोविंदराव पटवर्धनांसारखा साथीदार असला, की तो मागून येतो आहे हे श्रोत्यांना जाणवतही नसे, पण क्रम तोच : आधी गळा, मग पेटी. पियानोच्या साथीत प्रत्येक सूर रचनाकाराने लिहून दिलेला असतो, आणि बऱ्याचदा तो गायकाच्या सुराहून वेगळा असतो. शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जर्मन कवी गटेच्या कवितेवर केलेलं ‘एर्लक्योनिग’ घ्या. निवेदक, बाप, आजारी मुलगा आणि त्याला भुलवणारा पिशाच्चराजा हे चारही आवाज एकच गायक काढतो. बाप मुलाला घेऊन ज्या घोड्यावरून दौडतो, तो घोडा मात्र पियानोकडे. उजव्या हाताने एकाच सुराचं सप्तक तीन-तीनच्या गटांत जवळजवळ सलग चार मिनिटं ठोकत राहायचं. ते मनगट दुसऱ्या पानावर आखडलं, तर गायक कितीही चांगला असो, घोडा लंगडतो. शुमानच्या १८४० सालच्या ‘डिश्टरलीबे’ या गीतमालिकेत गायकाची शेवटची ओळ संपते आणि पियानो एकटाच बराच वेळ बोलत राहतो. गायक नुसता उभा. तिथे पाठोपाठ जायला कुणी नसतंच.

पेटीवाल्यांना मी सगळ्यात आधी सांगते : ऐकून मग वाजवलं तर उशीर झालेला असतो. गायकाचा श्वास बघायचा आणि त्याच्याबरोबर पोचायचं. त्यातही व्यंजनांचा घोळ आहे. जर्मन शब्दाच्या सुरुवातीला ‘श्ट्र’ आलं, तर ती सगळी व्यंजनं मात्रेच्या आधी उरकतात आणि मात्रा पडते स्वरावर. पियानोचा सूर त्या स्वराबरोबर यायला हवा. ‘श’ ऐकताच बोट टाकणारा आधी पोचतो, स्वर नीट ऐकून टाकणारा नंतर. हे पुस्तकातून येत नाही. एकाच गायकाबरोबर महिनोन् महिने बसलं की अंगात भिनतं.

नोटेशन वाचता आलं नाही तर चालेल का?

नाही. आणि नुसतं वाचता येऊन भागत नाही, पहिल्यांदा बघितलेलं पान त्याच लयीत पुढे नेता यायला हवं. रोज वीस मिनिटं अनोळखी पानं वाचायची, मागे फिरून दुरुस्ती न करता. या कामात दुरुस्ती करायला थांबणारा नापास होतो. चुकीचे चार सूर चालतात, हरवलेली एक मात्रा चालत नाही.

एकल वादनात नाव झालं नाही, की लोक साथीकडे वळतात, हे खरं का?

हा प्रश्न बहुधा नातेवाईक विचारतात, तेही लग्नाच्या पंगतीत. काहींच्या बाबतीत खरं आहे, आणि असे लोक साथीत फार टिकत नाहीत. एकट्याने उत्तम वाजवणाऱ्या कितीतरी जणांना दुसऱ्याच्या श्वासाची जाणीवच नसते. ते गायकाला फरपटत नेतात.

इंग्लंडच्या जेराल्ड मूरने जन्मभर हेच काम केलं. १९६७ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा डीट्रिश फिशर-डीस्काउ, एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस असे तीन दिग्गज त्याच्यासाठी गायले. शेवटी त्याने शूबर्टचं एक गाणं एकट्याने पियानोवर वाजवलं. अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र पदवी विसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. आपल्याकडे मात्र पत्रिकेवर गायकाचं नाव मोठ्या टाइपात आणि पियानोवादकाचं खाली, छापखान्याच्या नावाशेजारी, असं अजून दिसतं. नाव त्याच टाइपात, निदान त्याच पानावर हवं, हे आधीच ठरवून घ्या. भांडायचं नाही, पण मागायला लाजायचंही नाही.

मुंबईत असं काम आहे तरी कुठे?

वाटतं त्याहून जास्त आहे, पण विखुरलेलं. नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) हे मुख्य ठिकाण. १९८० साली उघडलेलं टाटा थिएटर आणि त्याच आवारातली छोटी सभागृहं चेंबर मैफलींसाठी, म्हणजे मोजक्या वादकांच्या मैफलींसाठी, वापरली जातात. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६पासून तिथेच आहे, त्यामुळे शहरात कायमचे तंतुवादक राहतात, आणि तंतुवादक आले की सोनाटे, ट्रायो (तिघांच्या रचना) आलेच. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ साली पुन्हा सुरू झालं. ते लहान आहे, गायकाला सोयीचं. बांद्र्यात सेंट अँड्र्यूज सभागृह, काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन, आणि अर्थात चर्च. फोर्टातलं सेंट थॉमस कथीड्रल १७१८ सालचं आहे. तिथल्या घुमाऱ्यात पियानो वाजवायचा तर सूर लांबवणारं पेडल निम्म्यावर आणावं लागतं.

या शहरात ही परंपरा आजची नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पाच वर्षांनी चार तंतुवादकांचा स्ट्रिंग क्वार्टेट. कंडक्टर झुबिन मेहता त्यांचेच चिरंजीव. पारशी, गोवेकर आणि ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळ ख्रिस्ती) घरांनी हे संगीत इथे धरून ठेवलं. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात आजही नोटेशनचं पुस्तक चाळत उभी राहिलेली दोन माणसं एकमेकांना ओळखत असतात.

पण महिन्याचा खर्च निघतो तो मैफलींवर नव्हे. परीक्षांची साथ, कॉयरच्या तालमी, बॅले क्लास, चर्चमधली लग्नं, नोव्हेंबर-डिसेंबरमधले कॅरोलचे कार्यक्रम आणि शिकवण्या, यावर निघतो.

म्हणजे पोट भरतं का, सरळ सांगा.

नुसत्या साथीवर, मुंबईच्या घरभाड्यात, माझ्या ओळखीत कुणाचंही भरत नाही. साथ आणि शिकवण्या मिळून भरतं. मे महिना कोरडा, डिसेंबर दुथडी. म्हणून डिसेंबरची बिदागी मेमध्ये खायची शिस्त लागते.

बिदागी ठरवताना लोक फक्त मैफलीचा दिवस मोजतात. तो मोजायचाच नाही. किती तालमी, कुठे, घरी किती तास बसावं लागेल, गाणी आधी वाजवलेली आहेत की नवी, हे मोजायचं. अर्ध्या तासाची सेझार फ्रांकची व्हायोलिन सोनाटा आणि अर्ध्या तासाची साधी इटालियन गाणी यांचा दर एक असू शकत नाही. तालमींचे पैसे वेगळे सांगा, दोनाहून जास्त तालमी झाल्या तर किती तेही सांगा, आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर काय मिळेल ते व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. कंपनी किंवा संस्था पैसे देते तेव्हा ठरावीक मर्यादेपुढच्या व्यावसायिक मानधनावर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्रात दाखवून परत मिळवता येतो, पण अनेक कलाकार विवरणपत्रच भरत नाहीत आणि पैसे सरकारला दान करतात.

‘पैसे नाहीत, पण नाव होईल’ असं म्हणणाऱ्याला विचारावं की सभागृहाचं भाडंही नावावरच भागवलं का. होतकरू गायक मित्रासाठी फुकट वाजवणं वेगळं. ते मी अजूनही करते.

परीक्षांची साथ कंटाळवाणी असते का?

कंटाळवाणी नाही, दमवणारी असते. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या लंडनच्या दोन्ही मंडळांच्या परीक्षा मुंबईत होतात. दोन्हींत आठ ग्रेड आणि पुढे डिप्लोमा. गाणं, व्हायोलिन, बासरी अशा परीक्षांत पियानोची साथ लागते. गुण फक्त उमेदवाराला, साथीदाराला नाही. आपले तुकडे संपले की साथीदाराने बाहेर जायचं. पुढच्या स्केल्स (आरोह-अवरोह) आणि तोंडी परीक्षा मूल एकटं देतं.

खोलीत शिरताना मुलाचे हात बर्फासारखे असतात. ते घरी वाजवतं त्यापेक्षा नक्की जलद सुरू करणार, तेव्हा लय त्याची धरायची, पुस्तकातली नव्हे. ते दोन मात्रा गाळून पुढे उडी मारतं. आपणही त्याच क्षणी उडी मारायची, परीक्षकाला कळण्याच्या आत. एका दिवसात एकामागून एक उमेदवार, प्रत्येकाची उडी वेगळी. ऐनवेळचं सावरणं शिकायला दुसरी इतकी चांगली जागा मला माहीत नाही.

पालकांना एक विनंती : परीक्षेच्या आदल्या दिवशी साथीदार शोधू नका. निदान तीन तालमी हव्यात.

मैफलीत गायक ओळ विसरला तर?

उजव्या हातात त्याचा पुढचा सूर हळूच द्यायचा. तरी सापडला नाही तर त्याच सुरावटीत एक फेरी जास्त मारायची. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आणि नंतर विंगेतही तो विषय आपण काढायचा नाही.

गायिका म्हणते काळी एकमध्ये घ्या. पट्टी तिथल्या तिथे बदलता यायला हवी का?

यायला हवी, पण तितकीशी लागत नाही. आर्ट साँगची पुस्तकं वरच्या, मधल्या आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापलेली मिळतात. शूबर्टची चोवीस गाण्यांची ‘विंटररायझे’ ही मालिका मूळ उंच पट्टीत आहे, पण बॅरिटोन (मधल्या आवाजाचे पुरुष गायक) ती खाली उतरवून सर्रास गातात. ऑपेराच्या आरिया (एकल गाणी) मात्र सहसा मूळ पट्टीतच. कॉयरमध्ये पट्टी ऐनवेळी अर्ध्या सुराने खाली आणावी लागते, विशेषतः पावसाळ्यात सगळ्यांचे घसे बसलेले असताना. इथे पेटीवाल्यांची सवय उपयोगी पडते. पट्टी बदलायची म्हटल्यावर ते घाबरत नाहीत. एक मात्र बघा : पट्टी बदलली की पियानोचा रंगही बदलतो. डाव्या हाताचे दाट सूर आणखी खाली गेले तर चिखल होतो, तिथे हलकं वाजवावं लागतं.

मला जर्मन, इटालियन, फ्रेंच यायलाच हवं का?

बोलता नाही आलं तरी चालेल. गाण्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि उच्चार मात्र हवाच, गायकाइतकाच. कुठे श्वास घेता येईल आणि कुठे वाक्य तुटेल हे त्याशिवाय कळत नाही. मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे आणि आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंचचे वर्ग चालतात. पहिल्या दोन पातळ्या केल्या तरी फरक पडतो.

चेंबर म्युझिकमध्ये पियानो ‘साथीला’ असतो का?

अजिबात नाही. मोझार्टच्या काळात असे सोनाटे ‘व्हायोलिनच्या साथीने पियानोचे’ म्हणून छापले जायचे, म्हणजे गंगा उलटी वाहत होती. बेथोवेनच्या दहा व्हायोलिन सोनाट्यांत दोघे बरोबरीचे आहेत. १८८६ सालची फ्रांकची सोनाटा व्हायोलिनवाल्यांची लाडकी, पण तिच्या दुसऱ्या भागात घाम पियानोवाल्याला फुटतो. फ्रांकचे पंजे मोठे होते, त्याने तसंच लिहिलं.

इथे कंडक्टर नसतो. ट्रायो किंवा क्विंटेट (पाच जणांची रचना) सुरू होतं ते कुणाच्या तरी श्वासावर आणि भुवईवर. पियानोवादक दोघा-चौघांच्या मागे बसलेला असतो, त्याला तंतुवादकाचा बो (गज) दिसायला हवा. म्हणून तालमीच्या आधी पहिली दहा मिनिटं मी खुर्च्या सरकवण्यात घालवते.

दुसरा प्रश्न सुरांचा. पियानोचे सूर पक्के, व्हायोलिनवाला सूर सरकवू शकतो. ज्या पक्केपणामुळे आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं, तोच पियानोतही आहे. चांगले तंतुवादक पियानोबरोबर असताना सूर थोडे त्याच्याकडे झुकवतात आणि पियानो थांबला की पुन्हा आपल्या जागी जातात. आपण काय करायचं? पेडल मोकळं ठेवायचं, म्हणजे दोन्ही सूर एकमेकांवर घासत नाहीत.

आवाजाबद्दल म्हणाल तर झाकण पूर्ण बंद करून काही साधत नाही, पियानो नुसता कोंडतो. पूर्ण किंवा अर्धं उघडं ठेवा आणि बोटांनी तोला.

वन रूम किचनमध्ये पियानो कसा ठेवायचा?

ठेवू नका. ८८ वजनदार पट्ट्यांचा आणि नीट पेडलचा डिजिटल पियानो घ्या, हेडफोन लावा. रात्री दहानंतर सोसायटीच्या सेक्रेटरींशी संबंध बिघडत नाहीत. मात्र आठवड्यातून एकदा तरी खऱ्या वाद्यावर बसायला मिळेल अशी व्यवस्था करा, शिक्षकांकडे, चर्चच्या हॉलमध्ये किंवा तासाच्या भाड्याने. मंद आवाजात वाजवणं डिजिटलवर शिकता येत नाही, आणि साथीत अर्धं आयुष्य मंद आवाजातच वाजवायचं असतं.

खरा पियानो असेल तर पावसाळा हा शत्रू. जूनमध्ये लाकूड ओलावा धरतं, पट्ट्या चिकटतात, साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी फळी) फुगतो आणि वाद्याचा सूर चढतो. ऑक्टोबरच्या उन्हानंतर उतरतो. तारांना गंज येतो तो वेगळाच. एसी दिवसा बंद, रात्री चालू, हे सगळ्यात वाईट. ट्यूनर पाऊस संपून थोडे दिवस गेल्यावर बोलवा, त्याआधी नाही.

पानं कोण उलटतं? आणि नोटेशन कुठून आणायचं?

आता बहुतेकजण टॅबलेट आणि ब्लूटूथ पेडल वापरतात. त्याची बॅटरी हा नवा ताप. पान उलटणारा माणूस असेल तर त्याने डावीकडे बसायचं, डाव्या हाताने वरचा कोपरा धरायचा आणि बाकी वेळ श्रोत्यांकडे बघायचं नाही.

जुन्या रचनाकारांचं नोटेशन आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत आहे. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. १९४९ साली वारलेल्या रिचर्ड श्ट्राउसची गाणी आपल्याकडे मोकळी झाली आहेत. १९७६ साली गेलेल्या बेंजामिन ब्रिटनची अजून नाहीत, ती विकतच घ्यायची. मोफत मिळणाऱ्या काही आवृत्त्यांत शंभर वर्षांपूर्वीच्या संपादकाने मनाने टाकलेल्या खुणा असतात. सोनाट्यासाठी तरी हेन्ले किंवा बेरेनरायटर या प्रकाशकांची प्रत घ्यावी.

परदेशी जाऊनच शिकावं लागतं का?

पदवी हवी असेल तर सध्या बहुधा हो. लंडनची रॉयल अकॅडमी आणि गिल्डहॉल, न्यूयॉर्कचं जुलियार्ड, व्हिएन्नाचं संगीत विद्यापीठ इथे साथीचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाला एकल वादनाबरोबर गायकासोबतचं वादनही मागतात, म्हणून इथे असतानाच एखादा गायक जोडीदार पकडा. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच आवाजाच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप यांनी भारतात येऊन गायकांना शिकवलं आहे. अशा मास्टरक्लासला गायक बोलावले जातात, पण त्यांच्याबरोबर पियानोवर कुणीतरी लागतंच. ती खुर्ची मिळवा.

आमच्या घरात चर्चची पार्श्वभूमी नाही. मागे पडेन का?

एका बाबतीत. लहानपणापासून चार आवाजांची भजनं वाजवणारी मुलं सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे वरपासून खालपर्यंतचे चार आवाज एकदम वाचतात. आपण तबल्याच्या ठेक्यावर वाढलेलो, त्यामुळे लय पक्की असते पण चार ओळी एकत्र दिसत नाहीत. उपाय सोपा आहे : जवळच्या कॉयरमध्ये तालमीचा पियानोवादक म्हणून एक वर्ष बसा, आणि टेनरचं चुकलं तर फक्त टेनरचं वाजवून दाखवा. बहुतेक कॉयर कुणालाही धर्म विचारत नाहीत, वेळेवर येतोस का एवढंच विचारतात.

पहिला फोन आला. काय विचारायचं?

काय वाजवायचं आहे, कुठल्या पट्टीत आणि कुठल्या आवृत्तीतून. नोटेशन पीडीएफमध्ये कधी मिळेल. तालमी कुठे आणि किती. सभागृहात पियानो खरा आहे की कीबोर्ड, आणि तो कार्यक्रमाच्या दिवशी लावून मिळणार का; ‘मागच्या वर्षी लावला होता’ हे उत्तर नाही. पाठ नसलेली उंच खुर्ची आहे का, की प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकावर एक. पानावर उजेड पडेल का. एसी कुणाच्या डोक्यावर आहे. बिदागी किती आणि कधी. आणि कार्यक्रम रात्री उशिरा संपणार असेल तर शेवटची कर्जत किंवा विरार लोकल किती वाजताची, ते आपलं आपण बघून ठेवायचं.